मोठं हृदय, लुळं बाळ: पॉम्पे आजारावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही 'तान्ह्या बाळाच्या एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसलं तर' हा लेख छापला. त्यात पॉम्पे आजारावर जेमतेम एक परिच्छेद होता, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या परिच्छेदावरच. म्हणून या वेळचा सगळा विभाग त्याच आजाराला दिला आहे. औषधांची मात्रा जिथे लिहिली आहे तिथे ती समजण्यासाठी आहे. तुमच्या बाळाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

आमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. दोनदा न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं, तिसऱ्या वेळी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या भिंती जाड निघाल्या. आता डॉक्टर म्हणतात पॉम्पे, शरीरात साखर साठण्याचा आजार. पण बाळाची शुगर तर नेहमी नॉर्मल येते. मग साखर साठते कुठे? आणि साखर-दूध बंद केलं तर चालेल का? — एक आई, सांगली

दूध अजिबात बंद करू नका. हा आजार खाण्यातल्या साखरेचा नाही.

प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनाच 'लयकारिका' म्हणतात. पेशीतला जुना, वापरून झालेला माल या पिशव्यांत येतो आणि तिथे त्याची मोडतोड होते. त्या मालात ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेच्या कणांची साठवणीची साखळी. पिशवीतलं ग्लायकोजेन तोडायला एकच एन्झाइम असतं, ॲसिड अल्फा-ग्लुकोसिडेज. तुमच्या बाळात ते जवळजवळ नाहीच. त्यामुळे पिशव्या फुगतात, फुटतात, आणि स्नायूंचे तंतू आतून सुटत जातात. हृदय हाही स्नायूच, म्हणून तो जाड होतो.

शुगर नॉर्मल का, तर रक्तात साखर सोडणारं ग्लायकोजेन पिशवीबाहेर असतं आणि ते तोडणारी एन्झाइमं वेगळी आहेत. ती बाळात ठणठणीत आहेत. ग्लायकोजेन साठण्याच्या इतर काही आजारांत बाळाची शुगर धोकादायक खाली जाते, तसं यात होत नाही. यामुळेच पुष्कळदा डॉक्टरही फसतात. 'ग्लायकोजेनचा आजार असता तर शुगर कमी आली असती' असं म्हणून हा विचार बाजूला टाकला जातो.

आजाराला नाव मिळालं ते ॲमस्टरडॅमच्या डॉ. पॉम्पे यांच्यामुळे. सात महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात त्यांना प्रचंड हृदय आणि ठिकठिकाणी साठलेलं ग्लायकोजेन दिसलं, ते त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं. नेमकं कोणतं एन्झाइम नाही हे कळायला १९६३ उजाडलं. बेल्जियममधल्या हेर्स यांनी ते शोधलं. तान्हेपणी सुरू होणाऱ्या प्रकारात उपचार नसेल तर बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. हे कठोर वाटेल, पण लिहिणं भाग आहे, कारण पुढची सगळी घाई त्यामुळे आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे ईसीजी, एक्स-रे आणि साधी लॅब आहे. मोठ्या शहरात पाठवण्याआधी मी काय करावं, आणि काय करू नये? — एक डॉक्टर, धाराशिव जिल्हा

तुमच्याकडे जे आहे तेवढ्यावर संशय पक्का करता येतो. आम्ही तर म्हणू, या आजारात दिवस वाया जातात ते महागड्या तपासण्यांवाचून नाही, तर स्वस्त तपासण्या एकत्र न वाचल्यामुळे.

पहिली गोष्ट ईसीजी. पीआर अंतर (ठोक्याचा संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत पोहोचायचा वेळ) आखूड आणि क्यूआरएस कॉम्प्लेक्स (खालच्या कप्प्यांच्या लाटा) इतके उंच की कागदाबाहेर जातात. लुळ्या बाळात ही जोडी दिसली की पॉम्पे मनात आलाच पाहिजे. दुसरी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी. ती वाढलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे एसजीओटी-एसजीपीटी, एरवी यकृतासाठी मोजतात ती एन्झाइमं. इथे नेहमीची चूक होते: हे आकडे वाढलेले, यकृत हाताला लागतं, म्हणून बाळ यकृताच्या तपासण्यांच्या रांगेत उभं राहतं आणि दोन-तीन आठवडे जातात. ही एन्झाइमं स्नायूतूनही येतात. बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल असेल आणि एसजीओटी वाढलेलं असेल, तर त्याच नमुन्यावर सीपीके लावा. जीभ जाड, किंचित बाहेर आलेली आहे का तेही बघा.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या मज्जातंतूंच्या आजाराचं बाळही लुळं असतं, पण त्याचं हृदय असं जाड होत नाही. जन्मजात हृदयदोषाचं बाळ धापा टाकतं, पण ते इतकं लुळं नसतं. लुळेपणा आणि जाड हृदय एकत्र, ही गाठ लक्षात ठेवायची.

यानंतर फिल्टर पेपरवरचा रक्ताचा नमुना, म्हणजे ड्राइड ब्लड स्पॉट. तो तुमच्याकडेच घेता येतो. टाचेतून किंवा शिरेतून रक्त घ्या, कार्डावरचं प्रत्येक वर्तुळ एका बाजूने एकाच थेंबात पूर्ण भरा. मागच्या बाजूला रक्त पोहोचलं पाहिजे. थेंबावर थेंब टाकू नका. कार्ड आडवं, कशालाही न टेकता, खोलीच्या तापमानाला तीन-चार तास वाळू द्या. उन्हात नको, हीटरजवळ नको, वॉर्मरखाली तर नकोच. मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसह झिप पिशवीत घाला आणि त्याच दिवशी रवाना करा. उष्णता आणि दमटपणा एन्झाइम मारतात. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत दोन दिवस पडलेलं कार्ड निरोगी बाळालाही आजारी ठरवू शकतं. म्हणून प्रयोगशाळा त्याच कार्डावर दुसरं एखादं एन्झाइमही मोजते. दोन्ही कमी आली तर दोष नमुन्याचा, नव्याने घ्यायचा.

रक्त चढवायचं असेल तर नमुना आधी घ्या. दात्याच्या पांढऱ्या पेशींमधलं एन्झाइम मोजलं जाऊन अहवाल खोटा नॉर्मल येऊ शकतो. फॉर्मवर वजन, वय, सीपीके, ईसीजीचं वर्णन आणि 'तातडीचे' हा शब्द लिहा. नुसतं 'पॉम्पे?' लिहिलेला फॉर्म गठ्ठ्यात जातो. अहवाल कमी आला की दुसऱ्या नमुन्यावर, पांढऱ्या पेशींतून किंवा हे एन्झाइम बनवणाऱ्या जीएए या जनुकाच्या तपासणीतून खात्री करतात.

आता काय करू नये. स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची गरज उरलेली नाही. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि या बाळांना भूल हाच मोठा धोका. जाड झालेल्या हृदयाला स्वतःच्याच रक्तपुरवठ्यासाठी रक्तदाब टिकावा लागतो. प्रोपोफॉलसारख्या औषधाने दाब घसरला की हृदय थांबू शकतं. एकोसाठी झोपेचं औषध देण्याऐवजी दूध पाजून, गुंडाळून, झोप लागल्यावर एको करा. वेळ लागतो, पण होतो. सलाइनचे मोठे बोलस (एकदम भराभर सोडलेलं सलाइन) नकोत, आणि लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्सही सढळ हाताने नको, कारण कडक हृदयाला भरायला रक्त लागतं. डिगॉक्सिन किंवा हृदयाचा जोर वाढवणारी औषधं हृदयातून रक्त बाहेर जाण्याच्या मार्गातला अडथळा वाढवू शकतात. हृदयरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलल्याशिवाय ती सुरू करू नका.

आशा सेविका म्हणून मी घरभेटी देते. आमच्याकडे यंत्रं नाहीत. बाळाकडे बघून काही कळतं का? — पालघर जिल्हा

आजाराचं नाव कळणार नाही, पण बाळ तातडीने पाठवायचं हे नक्की कळतं. दूध ओढताना दोन-तीन मिनिटांत दमतं, थांबतं, कपाळावर घाम येतो. उताणं ठेवलं की पाय बेडकासारखे फाकलेले पडून राहतात. काखेत धरून उचललं तर हातातून खाली निसटेल असं वाटतं. रडणं क्षीण, वजन थांबलेलं, आणि चेहरा मात्र जागा, डोळे टवटवीत. श्वास घेताना पोट आणि छाती उलटसुलट हलते का बघा. अशा बाळाला 'आईचं दूध पुरत नाही' म्हणून वरचं दूध सुरू करायला सांगू नका. आधी छातीचा एक्स-रे आणि ईसीजी होऊ दे.

एन्झाइम सलाइनमधून देतात एवढंच आम्हाला सांगितलंय. पहिला डोस पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी नक्की काय होतं? — एक वडील, नाशिक

औषधाचं नाव अल्ग्लुकोसिडेज अल्फा, बाजारातलं नाव मायोझाइम. २००६ पासून ते वापरात आहे. त्याआधी १९९९ मध्ये रॉटरडॅममध्ये पहिल्या चार बाळांना दिलेलं एन्झाइम चक्क सशांच्या दुधातून काढलेलं होतं. आताचं औषध हॅमस्टरच्या पेशींच्या कल्चरमध्ये तयार करतात.

मूळ मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. बाळ ५ किलोचं असेल तर १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दोन व्हायल. व्हायल २ ते ८ अंश तापमानात ठेवलेल्या असतात. अर्धा तास आधी बाहेर काढतात. प्रत्येकीत इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी १०.३ मिलिलिटर, काचेच्या कडेवरून हळूहळू सोडतात. थेट पावडरीवर धार सोडली किंवा व्हायल हलवली तर फेस होतो, प्रथिनाचे कण बनतात आणि औषध वाया जातं. व्हायल फक्त तिरकी करून गोल फिरवायची. मग दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असं द्रावण मिळतं. ते साध्या ०.९ टक्के सलाइनमध्येच मिसळतात, ग्लुकोजच्या बाटलीत नाही. पिशवीतली हवा आधी काढून टाकायची, तीही कण बनू नयेत म्हणून. सेटला ०.२ मायक्रॉनचा, प्रथिन न धरून ठेवणारा फिल्टर लागतो. हा फिल्टर ऐन वेळी वॉर्डात नाही म्हणून डोस खोळंबतो. आदल्या दिवशी तुम्हीच विचारून ठेवा.

१० किलोपर्यंतच्या बाळाला एकूण द्रव ५० मिलिलिटर. पंपावर वेग पहिला अर्धा तास ताशी ३ मिलिलिटर, मग ८, मग १३, आणि सगळं ठीक असेल तर १८. प्रत्येक वेग वाढवण्याआधी नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान आणि ऑक्सिजन बघायचा. पावणेचार तासांच्या आसपास पिशवी संपते, पण दिवसभराची तयारी ठेवून जा. हे ५० मिलिलिटर बाळाच्या त्या दिवसाच्या एकूण द्रवात धरायचे. वरून मेंटेनन्सचं (रोजच्या गरजेचं) सलाइन पूर्ण चालू राहिलं तर थकलेलं हृदय कोलमडू शकतं. अशी दुर्घटना औषधामुळे झाली असं पुढे सांगितलं जातं, पण पुष्कळदा ती पाण्याची असते.

प्रतिक्रिया येऊ शकते: पित्ताच्या गांधी, ताप, चेहरा लाल, नाडी धावणं, ऑक्सिजन घसरणं. सौम्य असेल तर वेग कमी करतात किंवा थांबवून पुन्हा हळू सुरू करतात. तीव्र असेल तर बंद, आणि मांडीत ॲड्रिनॅलिन, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला हे नेहमीच्या १ मिलिग्रॅम ॲम्प्यूलचं ०.०५ मिलिलिटर होतं, इतकं थोडं की धावपळीत ते मोजणं चुकतं. म्हणून चांगल्या वॉर्डात ते आधीच इन्सुलिनसारख्या बारीक सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ठेवलेलं असतं. बाळाला ताप किंवा सर्दी-खोकला असेल तर निघण्यापूर्वी फोन करा.

छातीत पोर्ट (कातडीखाली कायमचं बसवलेलं, शिरेला जोडलेलं सुई टोचायचं ठिकाण) बसवायची घाई नको. त्याला भूल लागते, आणि पहिले काही महिने ती सर्वांत धोक्याची. तोवर हातापायाच्या शिरेवर किंवा बारीक लांब नळीवर भागवतात.

आणखी एक. प्रत्येक भेटीत बाळाचं वजन करून मात्रा नव्याने काढलीच पाहिजे. तीन महिन्यांपूर्वीच्या वजनावर चाललेला डोस म्हणजे मुकाट्याने कमी केलेला डोस.

नातवाला एन्झाइमबरोबर रिटुक्सिमॅब आणि मेथोट्रेक्झेट देणार आहेत. ही कॅन्सरची औषधं ना? इतक्या लहान जिवाला कशाला? — एक आजी, सोलापूर

आजी, ही औषधं कॅन्सरमध्येही देतात, पण इथे काम वेगळं आहे आणि मात्राही त्या मानाने थोडी.

काही बाळांचं शरीर हे एन्झाइम थोडंफार, बिघडलेलं का होईना, बनवतं. त्यांच्या प्रतिकारशक्तीला ते ओळखीचं असतं. काही बाळांत मात्र ते तयारच होत नाही. डॉक्टर त्यांना क्रिम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्या शरीराला बाहेरून दिलेलं एन्झाइम हा परका पाहुणा वाटतो. प्रतिपिंडं तयार होतात आणि औषध स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी करतात. अशी बाळं पहिले काही महिने सुधारतात आणि मग घसरतात. एकदा प्रतिपिंडं जोरात वाढली की ती खाली आणणं फार कठीण. म्हणून पहिल्या डोसबरोबरच प्रतिकारशक्तीला 'हे आपलंच आहे' असं शिकवायचं असतं.

ओळखीचं एन्झाइम असलेल्या बाळांना पुष्कळ ठिकाणी फक्त मेथोट्रेक्झेट देतात: किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, पहिल्या तीन डोसांच्या वेळी तीन-तीन दिवस, म्हणजे एकूण नऊ वेळा. क्रिम-निगेटिव्ह बाळाला त्याबरोबर रिटुक्सिमॅब आणि दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं). कोणत्या गटातलं बाळ आहे हे रक्तावरून किंवा जनुकाच्या अहवालावरून कळतं. पण जनुकाचा अहवाल यायला आठवडे लागतात म्हणून पहिला डोस अडवून धरू नये. एन्झाइमची तयारी, पैशांची तयारी आणि ही तपासणी एकाच वेळी धावली पाहिजे, एकामागून एक नव्हे.

घरच्यांनी सांभाळायची गोष्ट म्हणजे संसर्ग. बारशाची गर्दी टाळा, खोकणाऱ्याला बाळाजवळ येऊ देऊ नका. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस आणि गोवर-रुबेला, या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. घरातल्या दुसऱ्या मुलाला पोलिओचे थेंब द्यायचे असले तरी आधी सांगा. इम्युनोग्लोब्युलिन चालू असताना दिलेली गोवराची लस लागूही पडत नाही. बाकीच्या लसी मात्र चुकवू नका, आणि घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घ्या.

बाळाला पाचव्या महिन्यात एन्झाइम सुरू झालं. सहा महिन्यांनी एको जवळजवळ नॉर्मल! पण अजून मान नीट धरत नाही. औषध लागू पडलं की नाही? — एक आई, ठाणे

हृदयाला पडलं. हा प्रश्न फार जणांना पडतो, म्हणून थोडं सविस्तर.

एन्झाइम पेशीत शिरतं ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका खास दारातून, मॅनोज-६-फॉस्फेट ग्राहकातून. हृदयाच्या पेशींवर ही दारं पुरेशी, हातापायाच्या स्नायूंवर कमी. शिवाय ज्या तंतूची आतली रचना आधीच मोडली आहे, त्यातलं ग्लायकोजेन साफ झालं तरी तंतू परत उभा राहत नाही. हृदय मागे येतं, स्नायू तितका येत नाही. म्हणूनच उपचार किती लवकर सुरू झाले याची खरी कसोटी एकोवर लागत नाही, ती मान, बसणं आणि चालणं यांवर लागते.

तैवानमध्ये २००५ पासून नवजात बाळांची पॉम्पेसाठी तपासणी होते. तिथल्या दहा बाळांना उपचार मिळाले ते मधलं वय १६ दिवस असताना. पाचेक वर्षांनी पाहिलं तेव्हा सगळी जिवंत, सगळी स्वतःच्या पायावर चालणारी, एकही व्हेंटिलेटरवर नाही. याउलट औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत सहा महिन्यांच्या आत सुरुवात केलेली १८ बाळं होती. ती सगळी दीड वर्षापर्यंत जगली, जे आधी घडत नव्हतं, पण चालण्यापर्यंत सगळी पोहोचली नाहीत. आणि तैवानच्या मुलांतही पुढे कमरेच्या भागातला अशक्तपणा, पापण्या खाली येणं, बोलण्यातली अडचण दिसलीच.

तुमच्यापुढे आता काय आहे? एक, डॉक्टरांशी मात्रा वाढवण्याबद्दल बोला. युरोपातल्या नोंदींमध्ये किलोमागे ४० मिलिग्रॅम दर आठवड्याला मिळालेली बाळं २० मिलिग्रॅम पंधरवड्याला मिळालेल्यांपेक्षा जास्त जगली, आणि अनेक केंद्रं आता या बाजूला झुकली आहेत. खर्च चौपट होतो, हे त्यातलं कडू सत्य. दोन, प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या. वाढली असेल तर प्रश्न मात्रेचा नाही. लघवीतलं ग्लुकोज-टेट्रासॅकराइड हेही स्नायूंची स्थिती सांगतं. ते खाली येऊन पुन्हा वर चढू लागलं तर कारण शोधायचं.

तीन, गिळणं. खोकला न येताही दूध श्वासनळीत जाऊ शकतं. वारंवार छाती भरत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या आणि गरज पडली तर नाकातून नळीने दूध द्या. त्यात कमीपणा काही नाही. चार, फिजिओथेरपी: रोज, थोडी थोडी, दमवणारी नको. सांधे आखडू नयेत, पाठीला नीट आधार मिळावा आणि बाळ दिवसातून काही वेळ उभ्या आधारावर असावं, इतका तिचा हेतू. जोर लावून 'ताकद आणणारा' व्यायाम या स्नायूंना उलट इजा करतो. मालिश करायची असेल तर हलक्या हाताने. पाच, ऐकू येण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करा. बहिरेपणा या आजारात असतो आणि तो लवकर सापडला नाही तर बोलणं मागे पडतं.

ज्यांचा उपचार नुकताच सुरू झाला आहे त्यांच्यासाठी इथेच एक सूचना. सुरुवातीच्या काही आठवड्यांत भिंती पातळ होत असताना हृदयाची आकुंचन टक्केवारी तात्पुरती घसरू शकते. तो आकडा पाहून औषध बंद करायचं नाही. ताल बिघडण्याची भीती मात्र असते, म्हणून २४ तासांची होल्टर तपासणी (सतत ईसीजी टिपणारी) लावतात.

औषधाचा खर्च ऐकूनच हात गळले. सरकारी मदत मिळते का? — एक वाचक, पुणे

मिळते, पण तिला कमाल मर्यादा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पे गट ३ (अ) मध्ये आहे, म्हणजे उपचार ठाऊक आहे पण फार महाग आणि आयुष्यभराचा. २०२२ मध्ये झालेल्या बदलानंतर सगळ्याच गटांतल्या रुग्णांना ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती थेट घरच्यांच्या हातात येत नाही, नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फत येते. महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी जवळचं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय. तिथे नोंदणी होते, समिती कागद तपासते, मग खरेदी. म्हणून जाताना एन्झाइमचा अहवाल, एको, ईसीजी, आधी झालेल्या भरतीची कागदपत्रं आणि दोघा पालकांची ओळखपत्रं एकाच फायलीत न्या. एक कागद राहिला की पुन्हा फेरी, आणि इथे फेरी म्हणजे आठवडा. जनुकाचा अहवाल आला नसेल तरी नोंदणीचं विचारायला थांबू नका.

आता हिशोब घाला. ५ किलोच्या बाळाला पंधरवड्याला दोन व्हायल, वर्षाला ५२. तेच मूल १० किलोचं झालं की वर्षाला १०४. दर आठवड्याला किलोमागे ४० मिलिग्रॅमची मात्रा धरली तर १० किलोला वर्षाला ४१६. म्हणजे ५० लाखांची रक्कम मूल वाढेल तशी वेगाने संपते. आणि मध्येच थांबलेला उपचार म्हणजे पुन्हा साठू लागलेलं ग्लायकोजेन. आमचं मत स्पष्ट आहे: आयुष्यभराच्या आजाराला एकरकमी मर्यादा घालणं हा धोरणातला दोष आहे. पण तो सुधारेपर्यंत पहिल्या दिवसापासूनच पुढची सोय शोधायला लागा. औषध कंपन्यांचे धर्मादाय कार्यक्रम, धोरणाखालचं सरकारी देणगी पोर्टल, नोकरीतला आरोग्य विमा किंवा ईएसआय, यांतलं काय लागू होतं ते केंद्रातल्या समाजसेवकाला विचारा. अर्ज पैसे संपल्यावर नाही, मदत मंजूर झाली त्याच महिन्यात करा.

आम्ही कॅलिफोर्नियात असतो. बाळ सहा दिवसांचं आहे, स्क्रीनिंगमध्ये 'पॉम्पे, एन्झाइम कमी' म्हणून फोन आला. बाळ अगदी छान दूध पितंय. — एक वाचक, सनीव्हेल

आजच बोलावलं असेल तर आजच जा. अमेरिकेत पॉम्पे २०१५ मध्ये शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत आला, कॅलिफोर्नियात २०१८ पासून तो तपासतात. फोन आला म्हणजे आजार ठरला असं नाही. एन्झाइम कमी येण्याची चार कारणं असतात: तान्हेपणीचा आजार, पुढे केव्हातरी सुरू होणारा सौम्य प्रकार, एकच सदोष जनुक असलेला निरोगी वाहक, किंवा स्यूडोडेफिशियन्सी. शेवटच्यात प्रयोगशाळेत एन्झाइम कमी दिसतं, पण शरीरात काम भागतं. आशियाई वंशाच्या लोकांत, विशेषतः पूर्व आशियात, हे बरंच आढळतं.

यांतला पहिला प्रकार वेगळा काढायला काही तासच लागतात: एक्स-रे, ईसीजी, एको, सीपीके. हृदय जाड असेल तर उपचार दिवसांत सुरू व्हायला हवेत. हृदय नॉर्मल असेल तर जनुकाच्या अहवालाची वाट शांतपणे पाहता येते. बाळ छान दूध पितंय म्हणून थांबू नका. तैवानची ती दहा बाळंही वरवर पाहता तशी ठीकच वाटली असती.

आमचं मामेभावंडांचं लग्न. पहिलं बाळ पॉम्पेने गेलं. पुढच्या वेळी काय? — एक जोडपं, सातारा जिल्हा

तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

दोघंही वाहक असल्यावर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असा त्याचा अर्थ नाही, प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. नात्यातल्या लग्नात एकच सदोष जनुक दोघांकडे येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न झालेल्यांच्या घरीही हा आजार होतो, आणि दोष दोघांकडून सारखाच आलेला असतो. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्यांना एवढं जरूर ऐकवा.

गेलेल्या बाळाचा जनुकाचा अहवाल हा पुढच्या सगळ्याचा पाया. तो नसेल तर गरोदर राहण्याआधीच दोघांच्या रक्ताची जीएए जनुकाची तपासणी करून घ्या. दोन्ही दोष माहीत असले की ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासून निदान होतं. ही तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते, संमतिपत्र भरावं लागतं. वेळेचा हिशोब उलटा मांडा: अहवालाला लागणारे आठवडे धरले तर नववा आठवडा उलटायच्या आत समुपदेशकाकडे पोहोचलेलं बरं.

गर्भ आजारी निघाला आणि तुम्ही गरोदरपण पुढे न्यायचं ठरवलं, तर जन्माआधीच एन्झाइम मागवून ठेवणं हाच सर्वांत मोठा फायदा. गर्भातच उपचार देण्याचा प्रयोग कॅनडात झाला. २४ आठवडे ५ दिवसांपासून नाळेच्या शिरेतून दर दोन आठवड्यांनी सहा डोस दिले, जन्मानंतर उपचार चालू ठेवले आणि १३ महिन्यांची असताना मुलीचं हृदय आणि हालचाल नॉर्मल होती. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ही एका बाळाची हकिगत आहे आणि काम अजून संशोधनाच्या चौकटीत चालतं. आपल्याकडे त्यावर भिस्त ठेवून नियोजन करू नका.

जनुक उपचार, आयुर्वेदिक भस्म, प्रोटीन पावडर, यातलं काही? — एक वाचक, कोल्हापूर

जनुक उपचार अजून चाचण्यांतच आहे. भस्म नको: धातू असलेली औषधं आणि मेथोट्रेक्झेट दोन्ही यकृत-मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि मग एसजीओटी कशामुळे वाढलं हेच कळेनासं होतं. प्रथिनं आहारतज्ज्ञ सांगतील तेवढी, डब्यावरच्या जाहिरातीइतकी नाही.

प्रवासात किंवा अपरात्री दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं तर? — एक वडील, रत्नागिरी

एक कार्ड करा, लॅमिनेट करा, बाळाच्या पिशवीला बांधून ठेवा. फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. मजकूर असा: 'तान्हेपणीचा पॉम्पे आजार, जाड हृदय. सलाइन बोलस नको, द्यावंच लागलं तर थोडं थोडं आणि पुन्हा तपासून. प्रोपोफॉल नको, भूल फक्त अनुभवी भूलतज्ज्ञाकडून. केवळ ऑक्सिजन देऊन थांबू नका, श्वासाचे स्नायू अशक्त आहेत, कार्बन डायऑक्साइड तपासा. एसजीओटी, एसजीपीटी, सीपीके नेहमीच वाढलेले असतात.' खाली शेवटच्या एकोची तारीख आणि निष्कर्ष, आताचं वजन, शेवटच्या एन्झाइमची तारीख, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा रात्री लागणारा फोन नंबर. वजन आणि तारखा बदलत राहतात, म्हणून ती ओळ लॅमिनेशनच्या वर चिकटपट्टीवर लिहा आणि प्रत्येक डोसनंतर पट्टी बदला.